औषध खाटेला द्यायचं नसतं

वॉर्डात मला दोन नावं होती. तोंडावर 'मोठ्या शिस्टर' आणि पाठीमागे 'मुकी'. हे दुसरं नाव मला कळलं ते एका पेशंटच्या आजीमुळे. शेजारच्या खाटेवर नव्यानं आलेल्या बाईला ती समजावून सांगत होती, "ती शिस्टर लई चांगली हाय, पर गोळ्या वाटताना तिचं मौन आस्तंय. कोनाशी बोलत न्हाई. फकस्त नाव इचारती."

"कंच्या देवाचं मौन?" त्या बाईनं विचारलं.

"तिच्या येशूचं आसंल."

मी औषधांचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते, त्यामुळे हसताही आलं नाही. खरं तर मौन वगैरे काही नव्हतं. औषधं वाटताना कुणी मध्येच हाक मारली, "शिस्टर, पंखा लागंना," "शिस्टर, आमाला घरी कवा सोडनार," की हातातली गोळी आणि डोक्यातलं नाव यांची ताटातूट होते. म्हणून तेवढा वेळ मी कुणाला उत्तर द्यायची नाही. वाटप संपलं की पंख्यापासून सुनेच्या तक्रारीपर्यंत सगळं ऐकून घ्यायची. आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका सरकारी रुग्णालयात माझी बरीचशी नोकरी गेली. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक आहे आणि ती माणसं अजून तिथं आहेत. माझं माहेर कोल्हारचं, प्रवरेकाठचं. हिरव्या उसातून उठून या कोरड्या पट्ट्यात आले तेव्हा वाटलं होतं, इथं वर्षभर तरी टिकेन का. टिकले, आणि चांगली मुरले.

नर्सचं काम म्हणजे सुई टोचणं, असं बाहेरच्यांना वाटतं. टोचायला कुणीही थोड्या दिवसांत शिकतं. टोचण्याआधी जे करायचं असतं ते शिकायला नोकरी पुरत नाही. माणूस बरोबर आहे ना, औषध बरोबर आहे ना, मात्रा, वेळ, आणि ते तोंडातून द्यायचं की शिरेतून की कातडीखालून, हे सगळं दर वेळी नव्यानं बघायचं. 'आत्ताच तर बघितलं' हे वाक्य आमच्या धंद्यात सगळ्यात घातक. शिरेतून थेट गेलं तर हृदय थांबवील असं एक औषध दिसायला अगदी साध्या पाण्याच्या कुपीसारखं असतं. ते मी वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाच्या कपाटात ठेवलं होतं. एक नवे डॉक्टर वैतागले, "सिस्टर, हे इतकं लांब कशाला?" मी म्हटलं, "सर, तिथंवर चालत जाताना माणूस विचार करतो." पुढे त्यांनीच त्या कपाटाला कुलूप आणून दिलं.

आणि नाव. पेशंटचं नाव आपण घ्यायचं नाही, त्याच्याकडून काढून घ्यायचं, यावर मी फार अडून असायची. "तुम्ही सखूबाई ना?" असं विचारलं तर आपल्याकडची दहातली नऊ माणसं "व्हय" म्हणतात. दवाखान्यात पाऊल टाकलं की 'न्हाई' हा शब्द ती उंबऱ्याबाहेर ठेवून येतात. पांढऱ्या कपड्याला 'नाही' म्हणणं म्हणजे उद्धटपणा, असं त्यांना वाटतं. शिवाय खेड्यात एकाला हाक मारली तरी घरातलं जो जवळ असेल तो ओ देतो. म्हणून मी विचारायची, "नाव सांगा." रोज, दर वेळी, ओळखीच्यालासुद्धा.

याचा राग यायचा लोकांना. एक माजी सरपंच न्यूमोनियानं भरती झाले होते. तिसऱ्या वेळी त्यांना नाव विचारलं तेव्हा ते उसळलेच. "आवो शिस्टर, मतं मागायला तुमच्या दारात आल्तो तवा चांगलं ओळखलंत की. आता इसरल्या व्हय?"

"दादा, नाव," मी म्हटलं.

मग त्यांनी वडलांच्या नावासकट, गावासकट, सभेत उभं राहिल्यासारखं खणखणीत नाव सांगितलं. घरी गेल्यावरही खोड गेली नाही. शेवगावच्या बाजारात मी दिसले की गर्दीतून पलीकडून स्वतःचं पूर्ण नाव ओरडायचे आणि हसायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

आणखी एक रीत माझ्या वॉर्डात होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी शिकत होते तेव्हा आमच्या मेट्रन फार कडक होत्या. चूक कळली की सगळ्यांसमोर झाडायच्या, दोन-दोन दिवस झाडायच्या. माझी विमल नावाची मैत्रीण होती. तिच्या हातून एका पेशंटची गोळी दुसऱ्याला गेली. तिनं भीतीनं दिवसभर कुणाला सांगितलं नाही. पेशंट वाचला, कारण गोळी साधी होती. पण विमल त्या दिवसात अशी काही आतून मोडली की महिन्याभरात शिक्षण सोडून घरी निघून गेली. तिच्याइतका हळुवार हात मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. आजही तिची आठवण आली की मला हळहळ वाटते, आणि मेट्रनचा राग येतो.

इन्चार्ज झाल्यावर मी सगळ्या पोरींना सांगून टाकलं, "चूक झाली तर धावत यायचं आणि माझ्या खुर्चीत बसायचं. मी उभी राहीन. तुमचं सांगून होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही." पोरी हसल्या. इन्चार्ज सिस्टरच्या खुर्चीत बसायची छाती कुणाची होणार? पण हळूहळू बसायला लागल्या. कधी गोळी उशिरा दिली म्हणून, कधी कुपी फुटली म्हणून. एकदा एक जण नुसतीच बसली आणि म्हणाली, "चूक काही नाही मॅडम, पाय दुखतात." तिलाही बसू दिलं.

तर ते नवरात्राचे दिवस होते. आमच्या भागात दसरा सरला की निम्मी गावं रिकामी होतात. टोळ्या ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, जीपा, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, लेकरं, सगळं त्यात. त्याआधी जो तो आपापलं दुखणं उरकून घ्यायला दवाखान्यात येतो, कारण एकदा फडावर गेलं की आजारी पडायला सवड नसते.

शीतल अशीच आली होती. विशी नुकतीच ओलांडलेली, नव्यानं लग्न झालेली. तिला शुगर होती, म्हातारपणी होते तसली नव्हे, तर लहान वयातली, जिच्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं. अशा माणसाला रोज इन्सुलिन टोचावंच लागतं. मध्ये बंद केलं तर रक्तात विष साठतं. शीतलनं ते बंद केलं होतं, कारण सासरी कसं सांगावं हे तिला कळेना. आली तेव्हा श्वास जोरजोरात चालू होता. डॉक्टरांनी दोन दिवस झुंजून तिला काठावर आणलं. आता ती उठून बसत होती, जेवत होती, आणि जेवणाआधी तिला इन्सुलिनचं इंजेक्शन असायचं.

तिच्यासोबत सासू होती, काशीबाई. सासू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर म्हातारी येते. पण ऊसतोडीच्या घरात लग्नं लवकर होतात, सासू चाळिशीतही असते. काशीबाई काटक, काळ्यासावळ्या, शीतलच्याच चणीच्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. दोन खाटांच्या मधल्या जागेत सतरंजी टाकून बसायच्या. नवरात्राचा कडक उपास धरला होता. घट उठेपर्यंत फक्त पाणी. मी पहिल्या दिवशीच हटकलं, "अहो, काहीतरी खा. चक्कर आली तर दुसरी खाट कुठून आणू?"

"मोहट्याच्या देवीला बोललेय, शिस्टर. पोरगी आपल्या पायानं घरी चालत जाऊ दे म्हनून. घट उठले की खाईन."

मला वाटलं होतं, ही सुनेला घालून पाडून बोलणारी असेल. शुगरवाली पोर गळ्यात मारली म्हणून माहेरच्यांचा उद्धार करणारी. तशा पुष्कळ पाहिल्या होत्या. पण ही बाई उपाशीपोटी सुनेची वेणी घालत बसलेली असायची. माणसं आपल्याला खोटं पाडतात तेव्हा बरं वाटतं, ते असं.

त्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी मी टेबलाशी उभ्यानं औषधांची मागणी लिहीत होते. अश्विनी इंजेक्शनं देत होती. अश्विनी माझ्या वॉर्डातली सगळ्यात तरबेज पोरगी. लहान बाळाची शीरसुद्धा पहिल्या टोचणीत सापडायची तिला. मागणीचा कागद लिहून होतो न होतो तोच ती आली आणि माझ्या खुर्चीत बसली.

मी उभीच होते. हातातला पेन खाली ठेवला.

"मॅडम, शीतलचं इन्सुलिन सासूला गेलं."

झालं होतं ते असं. काशीबाई उपासानं गळून गेल्या होत्या. जमिनीवर बसून त्यांची कंबर धरली होती. सासू खाली आणि आपण खाटेवर, हे शीतलला सकाळपासून सहन होत नव्हतं. आपल्याकडे कुठल्याच सुनेला होत नाही. ती म्हणाली, "आत्या, तुमी वाईच पडा, न्हाईतर मी जेवनार न्हाई." काशीबाई खाटेवर पडल्या, गारठा वाटला म्हणून चादर तोंडावर ओढली, आणि डोळा लागला. शीतल खाली सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. अश्विनी आली. खाट सहा, चादरीतून बाहेर आलेला बारीक, बांगड्या भरलेला हात. त्या दिवशी एक नर्स रजेवर होती, मागे जेवणाची गाडी येऊन उभी होती, आणि अश्विनीच्या तोंडून नेमकं ते गेलं जे जायला नको होतं. "शीतल ना?"

चादरीतून आवाज आला, "व्हय."

काशीबाई अर्ध्या झोपेत होत्या. त्यांना वाटलं, शीतलचंच माणूस का, असं विचारतायत. ओ दिली. इंजेक्शन देऊन अश्विनी वळली आणि सतरंजीवर झोपलेल्या बाईच्या मनगटावर तिला सलाईनची सुई दिसली. पेशंट खाली होती.

आता बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं की यात नेमकं काय पणाला लागलं होतं. इन्सुलिन रक्तातली साखर उतरवतं. जेवणाऱ्या, शुगर असलेल्या माणसाला ते जीवदान. पण कित्येक दिवस पाण्यावर असलेल्या धडधाकट बाईला तेच औषध दिलं की साखर उतरतच जाते. घाम येतो, हातपाय थरथरतात, माणूस चिडतं, बरळतं, मग बेशुद्ध पडतं. वेळेत साखर पोचली नाही तर उठतच नाही.

आणि आणखी एक गोष्ट. काशीबाईंचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. त्या पेशंट नव्हत्या. कुणी काही पाहिलं नव्हतं. अश्विनी गप्प बसली असती तर तासाभरात त्या बेशुद्ध पडल्या असत्या आणि सगळे म्हणाले असते, कडक उपास सोसला नाही बाईला. अश्विनीला हे सगळं माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी ती खाट सहापासून थेट माझ्या खुर्चीत आली. माझ्या सबंध नोकरीत मला कशाचा अभिमान वाटत असेल तर त्या खुर्चीचा.

"ऊठ," मी म्हटलं. "डॉक्टरांना बोलव, ग्लुकोज घे, आणि माझ्याबरोबर ये. रडायचं नंतर."

बोटातून रक्त काढून यंत्रावर पाहिलं. उपासानं आधीच काठावर असलेली साखर आणखी उतरायला लागली होती. काशीबाई उठून बसल्या होत्या, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं. मी पाण्यात साखर कालवून पेला पुढे केला.

"ह्ये काय?"

"साखरपाणी. लगेच प्या."

"न्हाई. घट उठंस्तोवर गोड तोंडात घालनार न्हाई."

"काशीबाई, तुम्हाला चुकून शीतलचं इंजेक्शन दिलं गेलंय. तुमची साखर उतरतेय. हे प्यायला नाहीत तर जिवावर बेतेल."

"बेतू द्या. पोरीसाठी बोललेय मी. उपास मोडला आन् तिला काय झालं मंजी?" त्यांनी पेला असा ढकलला की माझी साडी भिजली. "म्हनलं ना, न्हाई!"

दात घट्ट आवळून घेतले त्यांनी. हे चिडणं त्यांचं नव्हतं, उतरणाऱ्या साखरेचं होतं, पण त्याचा उपयोग काय? तोंडातून जबरदस्तीनं ओतावं तर ठसका लागून फुफ्फुसात जाण्याची भीती. शिरेतून द्यावं तर हात झाडत होत्या. "मला कशाला सुई? मी काय पेशंट हाय? पोरीला द्या."

तेव्हा मला सुचलं. आजवर एवढ्या घाईत मला कधी काही धड सुचलेलं नाही, त्यामुळे याचं श्रेय मी वरच्यालाच देते, मग तो त्यांचा असो की माझा.

"काशीबाई, मघाशी इंजेक्शन घेतलंत ना? मग तेव्हा उपास मोडला का?"

त्यांनी हात झाडणं थांबवलं. "त्ये कुठं तोंडातनं गेलं? शक्तीचं आसंल म्हनून घेतलं. सुईला उपास न्हाई लागत."

"मग ही पण सुईच आहे. तोंडातून काही जाणार नाही. देवी विचारणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे जड होत चालले होते. "मंग द्या," म्हणाल्या आणि हात पुढे केला.

उपासानं शिरा पार बसल्या होत्या. मी बाजूला झाले आणि अश्विनीला म्हटलं, "तू घाल." ती माझ्याकडे बघतच राहिली. डॉक्टरही बघत होते. त्या पोरीच्या हातून नुकतीच चूक झाली होती, हे खरं. पण वॉर्डातला सगळ्यात चांगला हात अजूनही तिचाच होता, हेही खरं. मी काशीबाईंचा दंड धरला. अश्विनीनं श्वास रोखला आणि पहिल्या टोचणीत शीर धरली. मोठ्या सिरिंजमधून डॉक्टरांनी ग्लुकोज सावकाश सोडलं. बघता बघता काशीबाईंचं थरथरणं थांबलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पदर सावरला आणि विचारलं, "पोरगी जेवली का?"

शीतल भिंतीला पाठ लावून उभी होती. तिची स्वतःची सुई अजून राहिलीच होती. तिची साखर चढत होती, सासूची उतरत होती, आणि दोघींच्या मध्ये मी.

डॉक्टरांनी सांगितलं, ग्लुकोजची बाटली लावून ठेवतो, पण त्या इन्सुलिनचा जोर अजून ओसरायचाय, बाईंनी पोटात काहीतरी घ्यायलाच हवं. काशीबाई पुन्हा मान हलवायला लागल्या. तेवढ्यात शीतल पुढे आली. इतके दिवस तिचा आवाज मी नीट ऐकलासुद्धा नव्हता.

"आत्या, तुमी खाल्ल्याबिगर मी बी सुई घेनार न्हाई. मंग देवीला सांगा काय सांगायचं त्ये."

काशीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "शिस्टर, तुमी सांगा. देवी रागवंल का?"

आता मी येशूची लेक. रविवारी चर्चला जाणारी. देवीच्या रागाबद्दल मी काय सांगणार? मी म्हटलं, "देवीचं मला ठाऊक नाही. पण पोरगी पायानं घरी जावी म्हणून तुम्ही उपास धरलात. आता ती तुमच्या घासासाठी अडून बसलीय."

 काशीबाईंनी मोहट्याच्या दिशेला की काय कोण जाणे, हात जोडले आणि म्हणाल्या, "राहिलेला पुढल्या साली धरते, आई." आणि जेवणाच्या गाडीवरचं केळं सोलून घेतलं. त्यांनी पहिला घास गिळला तशी शीतलनं हात पुढे केला. अश्विनी तिच्यासमोर उभी राहिली.

"नाव सांगा," अश्विनी म्हणाली. 

संध्याकाळपर्यंत काशीबाईंची साखर ठिकाणावर आली. मी खुर्ची घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि काय झालं, कसं झालं ते सगळं सरळ सांगितलं. अश्विनी पुढे होऊन म्हणाली, "चूक माझी झाली, मावशी. मी नाव विचारलं नाही." मला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल, गावची माणसं जीप भरून येतील. तसं झालं असतं तरी आम्हाला तक्रार करायला जागा नव्हती.

काशीबाई म्हणाल्या, "तुमी सांगितलं तरी. आमाला कोन काय सांगतंय?"

एवढंच. मी तिथून उठून औषधांच्या खोलीत गेले आणि रडून घेतलं. अश्विनीचं रडणं मी नंतरवर ढकललं होतं, माझं आधी झालं.

घरी जायच्या दिवशी काशीबाई शीतलला चालवत, हाताला धरून नेत होत्या. इन्सुलिन फडावर गार कसं ठेवायचं ते मी शिकवलं होतं. मातीच्या मडक्यात ओली वाळू, त्यात बाटली, आणि मडकं खोपीच्या सावलीत. दारापाशी थांबून त्या मला म्हणाल्या, "शिस्टर, एक सांगू का? रागवू नगा. औषध खाटंला देत जाऊ नगा. मान्साला देत जा."

रागावते कशाला? पोरी मागे उभ्या होत्या, सगळ्यांनी ऐकलं. खाट सहा, खाट नऊ असं म्हणणं आमच्या वॉर्डात त्या दिवसापासून बंद झालं. पण तेवढ्यावर मी थांबले नाही. चूक अश्विनीच्या हातून झाली, पण तिची वाट आम्हीच करून ठेवली होती. सोबतच्या माणसाला टेकायला जागाच नसेल तर सून सासूला खाट देणारच. सोबत आलेल्या बायकांवर आम्ही 'खाटेवर झोपू नका' म्हणून वर्षानुवर्षं खेकसत होतो, पण झोपायचं कुठं ते कधी सांगितलं नव्हतं. माझे यजमान शाळेत मास्तर होते. त्यांच्या शाळेत अडगळीत पडलेले लांब लाकडी बाक होते. ते मागून आणले, पाय ठोकून घेतले, आणि दोन-दोन खाटांमध्ये एकेक लावला. कुणी विचारलं, हे शाळेचे बाक इथं कशाला, तर मी म्हणायची, सासवांसाठी.

अश्विनीला वरून लेखी ताकीद मिळाली. ती तिनं घेतली. मी माझ्याकडून लिहून दिलं की हिनं सांगितलं म्हणून बाई वाचली. पुढे ती आणखी शिकली आणि नगरला नर्सिंगच्या शाळेत शिकवायला गेली. मी निवृत्त झाले. वॉर्डातल्या पोरींनी निरोपाला मला ती खुर्चीच द्यायची ठरवली होती. मी म्हटलं, ती इथंच राहू दे.

इथं लेख संपवणार होते, पण यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला एक गोष्ट घडली.

माझी धाकटी जाऊ रेचल पायाला जखम चिघळून नगरच्या एका दवाखान्यात भरती झाली. मी सोबतीला. दुपारची वेळ, कडक ऊन, मी बसून बसून अवघडले होते. गुडघे आता माझं ऐकत नाहीत. रेचल म्हणाली, "ताई, तुम्ही जरा पडा बरं. मला बसायचंच आहे." मी नको नको म्हटलं. पण पाय मोकळे करायला उठले तेवढ्यात ती खाली उतरून स्टुलावर बसलीसुद्धा. थोरली जाऊ स्टुलावर अवघडलेली असताना आपण खाटेवर लोळायचं हे तिला कसं पटावं? मी आडवी झाले, डोळ्यावर ऊन येत होतं म्हणून चादर वर घेतली, आणि झोप लागली. रेचल हात-तोंड धुवायला गेली.

"नाव सांगा."

मी दचकले. समोर एक नर्स होती, विशीतली, हातात ट्रे. "साळवे ना?" असं तिनं विचारलं असतं तर झोपेत मी "हो" म्हटलं असतं. मीही साळवेच. आणि त्या ट्रेमध्ये जे इंजेक्शन होतं ते पेनिसिलिनच्या जातीचं. मला ते चालत नाही. तरुणपणी एकदा घेतलं तेव्हा श्वास बंद पडायची पाळी आली होती.

"मार्था दानिएल साळवे," मी म्हटलं.

तिनं हातातला कागद पाहिला, मग माझ्याकडे. "मग उठा आजी. ही खाट तुमची नाही. पेशंट कुठे आहेत?"

ज्या गोष्टीसाठी मी अर्धं आयुष्य बायकांवर खेकसले, ती मीच केली होती. मी उठले. रेचल आली, तिनं नाव सांगितलं, इंजेक्शन झालं. पोरगी वळली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाळ, दर वेळी नाव विचारतेस?"

"विचारावंच लागतं," ती म्हणाली. "आमच्या मॅडमनी पहिल्या दिवशीच पाठ करून घेतलंय. औषध खाटेला द्यायचं नसतं, माणसाला द्यायचं."

हे वाक्य मुळात कुणाचं ते मी तिला सांगितलं नाही. मला वाटलं, हे सांगायला माझ्याहून हक्काचं माणूस दुसरंच आहे, आणि ते आत्ता सुनेचं मडकं सावलीत आहे ना हे बघत कुठल्यातरी फडावर असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी घाबरली, "काय झालं आजी? मी ओरडले का?"

"नाही गं," मी म्हटलं. "जा, पुढच्या पेशंटला नाव विचार."